पासो की पोसु

आमचं गाव दोरी धरून आखलेलं आहे, हे मला पाटणकर साहेबांमुळे कळलं. तोवर मला वाटायचं की सगळीच गावं अशी असतात. चर्चपासून निघालेला रस्ता वाकडातिकडा न होता कचेरीपर्यंत जातो, बाजाराचा रस्ता त्याला काटकोनात कापतो, दोन्ही बाजूंना झाडं सारख्या अंतरावर उभी असतात, आणि त्यापलीकडे शेतं, मग दमणगंगा, मग जंगल. दुसरं गाव मी पाहिलेलं नव्हतं. साहेब मुंबईचे. मोजणी आणि नकाशे हे त्यांचं खातं. ते आमच्या खाणावळीत जेवायचे आणि पहिला भात होईपर्यंत गप्प बसायचे. ताक वाढलं की सुरू व्हायचे. "काकू, तुम्हाला कल्पना नाही तुम्ही कुठे राहता. हे नियोजित नगर आहे. ऐतिहासिक! फिरंग्यांनी आधी कागदावर गाव काढलं, मग जमिनीवर. भारतात अशी गावं किती असतील?" आई म्हणायची, "असतील. ताक अजून हवंय का?"

ऐतिहासिक नगर म्हणायचं तर तेव्हाचं सिल्वासा एका टोकाला उभं राहून हाक मारली तर दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल एवढं होतं. मी त्याला वाईट म्हणत नाही. पण उगाच मोठंही म्हणणार नाही. आता इथे कारखाने आहेत, हॉटेलं आहेत, दादऱ्याच्या तळ्यावर बागेत होड्या चालतात आणि रविवारी मोटारी भरभरून लोक येतात. तेव्हा दिवसातून मोजक्या बस यायच्या आणि बसमधून कोण उतरलं हे जेवणवेळेपर्यंत सगळ्यांना ठाऊक व्हायचं.

आमचं घर कचेरीच्या मागे होतं. फिरंग्यांच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या, काळात तिथे घोडे बांधायचे म्हणे. फिरंगी गेल्यावर जे पहिले अधिकारी आले त्यांचे जेवणाचे हाल होते, म्हणून ती जागा आईच्या नावाने करून दिली होती. बाबांच्या नावाने नाही, कारण बाबा कचेरीत पट्टेवाले होते आणि स्वयंपाक आई करायची. पुढची पडवी जेवायला, मधली खोली झोपायला आणि मागे मोठं स्वयंपाकघर. त्या स्वयंपाकघराची भुई कधी सुकायची नाही. मे महिन्यातसुद्धा शेणाने सारवलं की दोन दिवस पाय ओले. मिठाच्या बरणीला घाम यायचा. आई म्हणायची, घोड्यांनी फार मुतून ठेवलंय.

जेवायला मास्तर आणि कारकून, सगळे मुंबईचे नाहीतर कोकणातले. एकाला आमटीत कोकम हवं, दुसऱ्याला चिंच, तिसऱ्याला पोळी मऊ हवी. आई सगळ्यांचं ऐकायची आणि स्वतःला हवं तेच करायची. तांदळाची भाकरी, वालाची आमटी, उडदाचं डांगर, बाजारात दमणचे सुके बोंबील आले की ते निखाऱ्यावर भाजून. बोंबलाचा वास कचेरीत शिरला की टाइप करण्याचा आवाज थांबायचा. मागल्या दारी रतनीबाय उखळात भात कांडत असायची. ती इथल्या कोकणा आदिवासींतली, फिरंग्यांच्या वाड्यावर लहानपणापासून राबलेली. मुसळ पडलं की तिच्या तोंडून एक हुंकार निघायचा, तो मला अजून ऐकू येतो. चौथीनंतर माझी शाळा बंद झाली, कारण आईला दोन हात कमी पडत होते. त्याचं मला तेव्हा वाईट वाटलं नाही. नंतर वाटलं. पण चौथी म्हणजे काही कमी नसते, हे पुढे येईलच.

तर साहेबांच्या डोक्यात असं होतं की या गावाला पाहुणे यावेत. चर्च आहे, सरळ रस्ते आहेत, नदी आहे, पण पाहुण्याला दाखवायला मोठं असं काही पाहिजे. त्यांनी कचेरीचं जुनं दप्तर उपसायला घेतलं. बाबा रोज संध्याकाळी धुळीने पांढरे होऊन यायचे. एक दिवस दुपारच्या पंगतीला साहेब हातात गुंडाळी घेऊन आले आणि ताट बाजूला सारून त्यांनी ती जमिनीवर उलगडली. गावाचा जुना नकाशा होता. कडा वाळवीने खाल्लेल्या, पण शाई चांगली.

"या गावाचं फिरंगी नाव काय होतं, माहितीय?" त्यांनी विचारलं. "व्हिला द पासो द आर्कोस. मी शब्दकोश आणवला. पासो म्हणजे महाल. आर्कोस म्हणजे कमानी. कमानींच्या महालाचं गाव! आता मला सांगा सामंत मास्तर, ज्या गावाचं नाव महालावरून पडलं तिथे महाल नको?"

सामंत मास्तर मालवणकडचे, आमच्या शाळेत शिकवायचे. मला चौथीपर्यंत त्यांनीच शिकवलं. ते म्हणाले, "नावावरून म्हणाल तर साहेब, आमच्या गावात एकाचं नाव राजाराम आहे. तो म्हशी राखतो."

साहेब हसले नाहीत. त्यांनी नकाशावर बोट ठेवलं. कचेरीच्या मागे एक लहानसं चिन्ह आणि त्याला लागून बारीक अक्षरात एक शब्द. "पासो. इथे लिहिलंय. आणि ही जागा कुठली? काकू, तुमची चूल."

आईच्या हातातला डाव तसाच राहिला. मागल्या दारातून रतनीबायने मान आत घातली. "काय म्हनं?"

"आपल्या चुलीखाली महाल आहे," मी म्हटलं. "पासो."

ती हसायला लागली. आधी हळू, मग उखळाला धरून. "पासो नाय, बाय. पोसु. पोसु म्हंजे बाव. पान्याची बाव. मडम आरडायची, 'रतनी! पोसु! आग्वा!' आग्वा म्हंजे पानी. मी धावायची घागर घेऊन. मग मडमेचा कुत्रा पडून मेला बावीत, म्हून बुजवली आन वर घोडं बांधलं."

बाव म्हणजे विहीर, हे आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक. साहेबांनाही कळलं. पण त्यांनी रतनीबायकडे पाहिलं ते ज्या नजरेने दारात आलेल्या बकरीकडे बघतात त्या नजरेने. "बाई, तुम्ही शिकला आहात का पोर्तुगीज?"

"नाय शिकली," ती म्हणाली. "खाल्ली. शिव्या."

सगळे हसले. साहेबांनी नकाशा गुंडाळला. या गावात फिरंगी भाषा ऐकलेलं एकच माणूस त्या दिवशी तिथे हजर होतं, आणि त्याला लिहिता येत नव्हतं म्हणून त्याचं कोणी ऐकलं नाही. नकाशावरच्या त्या शब्दातलं दुसरं अक्षर वरून उघडं होतं, त्याला इंग्रजी 'ए' म्हणा नाहीतर 'ओ' म्हणा; 'ए' वाचलं तर पासो, 'ओ' वाचलं तर पोसु. साहेबांना महाल हवा होता, म्हणून त्यांनी 'ए' वाचलं. पुष्कळ वर्षांनी सामंत मास्तरांनी कुठूनतरी शोधून मला सांगितलं की पासो द आर्कोस हे पोर्तुगालातल्या एका गावाचं नुसतं नाव आहे, आणि त्या नावाच्या कोणा बड्या माणसाच्या मानासाठी आमच्या गावाला चिकटवलं होतं. म्हणजे महालाचा इथे संबंधच नव्हता. पण तेव्हा हे कोणाला माहीत?

चार दिवसांनी साहेब कागद घेऊन आले. मुंबईहून मोठे पाहुणे येणार होते, त्याआधी खणायचं होतं. आम्हाला सामरवरणीला जागा मिळणार होती. आज सामरवरणीत इमारती आहेत, तेव्हा शेतं होती. तिथवर चालत जेवायला कोण येणार? खाणावळ गेली की आम्ही गेलो, हे मला समजत होतं आणि साहेबांनाही समजत असणार. बाबा त्यांच्या मागे छत्री धरून उभे होते. घराच्या आत, पडवीत, छत्री. उघडलेली नव्हती, पण धरलेली होती.

"गोविंद, तू सांगितलंस ना घरी?"

"सांगितलं साहेब," बाबा म्हणाले. त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं.

"इंदू, तुला वाचता येतं. आईला वाचून दाखव, म्हणजे अंगठा घेऊ."

मी वाचायला लागले. सरकारी मराठी खडबडीत होती, पण सामंत मास्तरांनी आम्हाला पानंच्या पानं मोठ्याने वाचायला लावली होती, त्यामुळे अडले नाही. "...सदरहू जागा मी स्वखुशीने खाली करून देत आहे, व त्याबद्दल माझी कोणतीही तक्रार..."

"थांब," आई म्हणाली. "कोणाच्या खुशीने?"

"तुझ्या."

"मी कधी खूश झाले?"

साहेब म्हणाले, "काकू, ती कागदाची भाषा असते. तसंच लिहायचं असतं."

"मग कागदाचाच अंगठा घ्या," आई म्हणाली आणि आत जाऊन फोडणी टाकली.

त्या फोडणीचा ठसका पडवीभर झाला. साहेब खोकत होते, बाबा खोकत होते. बाबांनी आईला हाक मारली, "अगं, नोकरीचा प्रश्न आहे." साहेबांचा चेहरा लाल झाला होता. अंगठ्याशिवाय त्यांना जागा घेता येत नव्हती, कारण वरून आलेल्या हुकमात तसंच होतं. हे त्यांनी चिडून बोलून टाकलं, आणि मी ते ऐकलं.

तेव्हा मी जे बोलले त्याला धीटपणा म्हणायचं तर म्हणा. माझ्या मते तो राग होता. मला त्या माणसाचा राग आला होता की हा रोज आमच्याकडे तीन वेळा भात घेतो आणि रतनीबायला बकरी समजतो. मी म्हटलं, "साहेब, खणा तुम्ही. आम्ही चूल अंगणात काढतो. पण घर सोडणार नाही. खाली महाल निघाला तर आम्ही सामरवरणीला जाऊ, आई अंगठा देईल. विहीर निघाली तर घर आमचं. पुन्हा कोणी उठवायचं नाही. आणि हे लिहून द्या. तुमच्या स्वखुशीने."

"इंदे!" बाबा ओरडले. साहेबांसमोर ते कधी मोठ्याने बोलले नव्हते. पहिल्यांदा बोलले ते मला गप्प करायला.

साहेब मात्र हसले. त्यांना महालाची एवढी खात्री होती. सामंत मास्तर जेवून हात धूत होते, त्यांनी ओल्या हातानेच दौत मागवली आणि कागद लिहिला. साहेबांनी सही केली. मास्तरांनी साक्ष घातली. मी तो कागद देवाच्या फळीवर हळदीच्या डब्याखाली ठेवला. त्या दिवसापासून बाबा माझ्याशी बोलेनासे झाले. मी वाढलेलं खायचे, मी दिलेलं पाणी प्यायचे, पण डोळे वर करायचे नाहीत.

खानवेलकडून खणणारे आले. त्यांनी आमची भुई फोडली, जिच्यावर मी सहा वर्षांची असल्यापासून सारवण घातलं होतं. अंगणात तीन दगडांवर चूल मांडली. वारा आला की राख आमटीत. पण जेवणारा एकही माणूस गळला नाही. उलट वाढले. पडवीत बसून खड्डा बघत जेवायचं ही त्यांची करमणूक झाली. "काकू, महालातून राणी निघाली तर तिलाही ताट लावा." "राणी निघाली तर भांडी घासायला ठेवीन," आई म्हणायची. ती हसत होती, पण तिची झोप उडाली होती. पहाटे उठून ती खड्ड्याच्या काठावर बसायची आणि आत बघायची. मी तिच्याजवळ जाऊन बसले की एवढंच विचारायची, "रतनीला नक्की आठवतंय ना गं?"

पुरुषभर खाली गेल्यावर चुन्यात बसवलेल्या विटा लागल्या. माती काढली तशी विटांची रेघ वाकत गेली. साहेबांना निरोप गेला. ते कोटाची बटणं लावत धावत आले. त्यांनी खड्ड्यात वाकून बघितलं आणि दोन्ही हात वर केले. "कमान! बघा मास्तर, कमान!"

मी काठावरून वाकून बघितलं. खरंच वाकलेली होती. व्यवस्थित, गोल, एखाद्या दारावर असते तशी. रतनीबाय खड्ड्याजवळ यायला तयार नव्हती, ती उखळापाशीच बसून राहिली. अंगणाच्या पलीकडे बाबा उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. मला वाटलं, आपण घर घालवलं. तेराव्या वर्षी, चौथी शिकून, मोठ्या माणसांच्या मध्ये तोंड घालून घर घालवलं.

मी परकराचा ओचा खोचला आणि खड्ड्यात उतरले. कोणी अडवायच्या आत. विटांवर हात फिरवत गेले. कमान असती तर ती उभी असती ना? एक टोक वर गेलं असतं. ही वर जात नव्हती. आडवीच वळत होती, सगळीकडे सारख्या उंचीवर, आणि मातीत शिरून पुढेही वळत असणार असं हाताला कळत होतं.

"साहेब," मी खालून ओरडले, "कमान आडवी झोपते का?"

"पडली असेल," ते म्हणाले. "भूकंपात वगैरे."

"पडली तर फुटेल ना? ही अख्खी आहे."

ते तसेच कचेरीत गेले. त्यांनी पाहुण्यांना तार केली. त्यानंतर दोन दिवस खणणं चाललं, वाकलेली रेघ फिरत फिरत स्वतःलाच येऊन मिळाली आणि गोल पुरा झाला. खणणाऱ्यांना पहिल्या दिवशीच कळलं होतं, ते आपसात हसत होते, पण त्यांना कोणी विचारलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी आई चूल पेटवायला उठली आणि मला हाक न मारता हाताला धरून घेऊन गेली. खड्ड्याच्या तळाशी आभाळ दिसत होतं. रतनीबाय आली. तिने बघितलं, कमरेवर हात ठेवले आणि मडमेच्या आवाजात, नाकातून, सगळ्या कचेरीला ऐकू जाईल असं ओरडली, "रतनीऽऽ! पोसु! आग्वा!" आणि मग स्वतःच उत्तर दिलं, "आता तूच काढ, मडम."

इथे गोष्ट संपली असती तर मी ती लिहिली नसती. विहीर कुठेही निघते.

पाहुणे रविवारी यायचे होते. तार परत घेता येत नव्हती. शनिवारी दुपारी, पंगत उठल्यावर, साहेब एकटे आले. मला म्हणाले, "इंदू, घर तुमचंच. मी शब्द पाळतो. पण उद्या पाहुण्यांनी विचारलं तर म्हणायचं, ही महालाची विहीर. महाल पडला, विहीर राहिली. रतनीला बाहेर ठेव. एवढंच. यात कोणाचं नुकसान नाही. तुझ्या बाबांचं नाव मी वर पाठवणार आहे, त्यांना बढती मिळेल." ते बरं बोलत होते. वाईट माणूस नव्हता तो. सगळ्या गावापुढे त्यांची फजिती झाली होती आणि त्यांना झाकायला एक चादर हवी होती. मी हो म्हटलं नाही आणि नाही म्हटलं नाही. बाबा पडवीच्या खांबाशी उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं.

रविवारी दोन मोटारी आल्या. टोपीवाले तीन गृहस्थ, एक बाई, एकाच्या गळ्यात कॅमेरा. साहेबांनी त्यांना चर्च दाखवलं, सरळ रस्ता दाखवला, झाडांमधलं अंतर पावलं टाकून दाखवलं. मग ते आमच्या मागल्या दारी आले. साहेब म्हणाले, "आणि ही महालाची विहीर." कॅमेरावाला फोटो घ्यायला पुढे झाला. रतनीबाय उखळापाशी होती. मी तिला बाहेर ठेवलं नव्हतं. साहेबांनी हाताने तिला बाजूला हो अशी खूण केली.

ती उठायला लागली. सवयीने. ते मला बघवलं नाही.

"महाल नव्हता," मी म्हटलं. "ही नुसती विहीर आहे. फिरंग्यांच्या वाड्यावरची. या रतनीबाय इथून पाणी काढायच्या, त्यांनीच आम्हाला सांगितलं. त्या उठणार नाहीत."

साहेबांनी हसून म्हटलं, "मुलगी लहान आहे. काहीतरी ऐकलेलं असतं." त्या पाहुण्यांतल्या सगळ्यात मोठ्या गृहस्थांनी इकडे तिकडे पाहिलं आणि त्यांची नजर बाबांवर गेली, कारण अंगावर सरकारी पट्टा होता. "काय रे, तू इथलाच ना? ही पोर काय म्हणते? महाल होता की नव्हता?"

बाबांनी आधी साहेबांकडे पाहिलं. मग विहिरीकडे. मला माहीत होतं की बाबांनी आयुष्यात साहेब लोकांना "हो साहेब" याशिवाय काही म्हटलेलं नाही. बाजारात गुजराती दुकानदारालासुद्धा ते "चालशे, चालशे" म्हणून मागे सरायचे.

"पोरगी बरोबर सांगते साहेब," ते म्हणाले. "विहीरच आहे. ती माझी मुलगी आहे."

दुसरं वाक्य कोणी विचारलं नव्हतं.

फोटो निघाला तो रतनीबायसकट. तो कुठे छापला की नाही मला माहीत नाही, आम्हाला कधी दिसला नाही. बढती अर्थात आली नाही. महिन्याभरात बाबांची बदली खानवेलच्या कचेरीत झाली. सोमवारी पहाटेच्या बसने जायचे, शनिवारी दुपारच्या बसने यायचे. दोन वर्षं. जंगलातला तो रस्ता पावसात बंद पडला की तेही नाही. लोक मला म्हणायचे, तोंड आवरलं असतं तर बाप घरी राहिला असता. आजही कोणी म्हटलं तर माझं उत्तर तेच आहे: त्या कागदाच्या दिवशी तोंड आवरलं असतं तर बापाला घरच नसतं राहिलं. आम्ही एकमेकांची माफी मागितली नाही. आमच्यात ती पद्धत नव्हती.

पाटणकर साहेब आठ दिवस बाजारात काहीतरी खाऊन राहिले आणि नवव्या दिवशी पंगतीला येऊन बसले. आईने ताट मांडलं. वाढायचं काम माझ्याकडे होतं. शनिवारी बसचा भोंगा वाजला की मी हातातला भात खाली ठेवायचे, बाबांचे पाय धुवायला पाणी द्यायचे, त्यांचं पान मांडायचे, पहिला भात त्यांना वाढायचे आणि मग पंगतीकडे वळायचे. साहेब रिकामं ताट पुढ्यात घेऊन बसलेले असायचे. थांबायचे.